कुंडीतला टोमॅटो: पेंड घालावी की १९:१९:१९?

दसरा झाला, पाऊस ओसरला, नर्सरीतून टोमॅटो-मिरचीची रोपं आणून गच्चीवर लावली, की पंधरा दिवसांनी खताचा प्रश्न उभा राहतो. कृषी सेवा केंद्रात गेलात तर काउंटरवरचा माणूस विचारतो, "किती एकर?" आपण म्हणतो, "आठ कुंड्या." तो मग मोठ्या मनाने एक किलोची पुडी काढून देतो. पुडीवरची मात्रा शेताच्या हिशोबाची, आपली बाग गच्चीवरची. अर्धा घोटाळा तिथेच होतो. उरलेला अर्धा बागकामाच्या व्हॉट्सअॅप गटावर होतो. तिथे निम्मे लोक "रासायनिक म्हणजे विष" म्हणतात, आणि उरलेले केळीच्या साली भिजवत असतात.

मी दोन्ही पद्धती करून पाहिल्या आहेत आणि दोन्हींनी रोपं मारलीही आहेत. म्हणून खालची तुलना सेंद्रिय विरुद्ध रासायनिक अशी नाही. कुंडीत मोजून किती पडतं, झाडाला कधी मिळतं आणि तुमची माती कुठली, या तीन गोष्टींवर ती केली आहे.

आधी झाडाची भूक पाहू. शेतात एक टन टोमॅटो पिकवायला ढोबळमानाने ३ किलो नत्र (नायट्रोजन), १ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ४ किलो पालाश (पोटॅश) लागतं. गच्चीवरच्या एका झाडाने हंगामात ३ किलो फळ दिलं तर शेजारच्या दोन घरांत वाटता येतं. त्या ३ किलोंसाठी हिशोब येतो ९ ग्रॅम नत्र, ३ ग्रॅम स्फुरद आणि १२ ग्रॅम पालाश. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यांच्याशीच ताडून पाहायचं आहे. आणि बघा, या तिघांत पालाश सगळ्यात जास्त आहे. आपण मात्र खत म्हटलं की नत्राचाच विचार करतो, कारण पान हिरवंगार झालेलं डोळ्याला दिसतं. १९:१९:१९ सारखे पुडीवरचे तीन आकडे म्हणजे याच तिघांचे, याच क्रमाने, टक्के.

| खत | नत्र % | स्फुरद % | पालाश % | झाडाला कधी मिळतं |
|---|---|---|---|---|
| कुजलेलं शेणखत | ०.५ | ०.२ | ०.५ | महिन्यांनी, थोडं थोडं |
| गांडूळखत | १ ते १.५ | सुमारे १ | सुमारे १ | काही आठवड्यांत, काही पुढच्या हंगामात |
| निंबोळी पेंड | ५ | १ | १.५ | दोन-तीन आठवड्यांनंतर |
| १९:१९:१९ | १९ | १९ | १९ | लगेच |
| १३:००:४५ | १३ | ० | ४५ | लगेच |
| ००:००:५० | ० | ० | ५० | लगेच |

१२ इंची ग्रो बॅगेत साधारण १८ ते २० लिटर मिश्रण बसतं. त्यात २ किलो गांडूळखत मिसळलं तर कागदावर २० ते ३० ग्रॅम नत्र झालं. झाडाला हवं ९. मग प्रश्नच मिटला? नाही. सेंद्रिय खतातलं नत्र जिवाणूंनी फोडल्याशिवाय मुळांना घेता येत नाही, आणि एका हंगामात त्यातलं पाव ते एक तृतीयांश सुटलं तरी खूप. म्हणजे हाती आले ५ ते १० ग्रॅम. वर १०० ग्रॅम निंबोळी पेंड घातली की आणखी ५ ग्रॅमची तरतूद होते. एवढ्यावर नत्राचं भागतं, स्फुरदाचंही भागतं. गांडूळखत आणि पेंड यांच्या जोडीला माझा पहिला कौल आहे तो या आकडेमोडीमुळे. माती भुसभुशीत राहते, पाणी धरून ठेवते आणि चुकून मूठभर जास्त पडलं तरी झाड मरत नाही, हे फायदे वेगळेच.

फक्त खत अस्सल हवं. मी एकदा गांडूळखत म्हणून आणलेल्या दोन पोत्यांत चहाचा चोथा आणि काळी माती निघाली होती. चांगलं गांडूळखत हातात घेतल्यावर चहापत्तीसारखं रवाळ लागतं आणि पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. शेणाचा किंवा आंबूस वास आला तर ते अजून कुजतंय. असं खत कुंडीत घातलं तर कुजण्याचं काम तिथे चालू राहतं आणि जिवाणू झाडाच्या वाट्याचं नत्र आधी स्वतः खातात.

पेंडींतही फरक आहे. निंबोळी पेंड नत्र सावकाश सोडते आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आवरते, म्हणून टोमॅटो-वांग्याला तिच्यासारखी दुसरी नाही. भुईमुगाच्या पेंडीत नत्र जास्त, ७ टक्क्यांच्या आसपास, पण उंदीर आणि मुंग्या दोन्ही घरी येतात. एरंडीची पेंड खत म्हणून उत्तम, मात्र घरात कुत्रा असेल तर आणूच नका. तिच्यातलं विष कुत्र्याच्या जिवावर बेततं, आणि कुत्रे ती आवडीने उकरतात. कोणतीही पेंड घातली की आठवडाभर वर पांढरी बुरशी दिसते. घाबरू नका, ती मातीत कालवून टाका. रोप लावायच्या दहा-पंधरा दिवस आधी पेंड मिसळलेली बरी. कोवळ्या मुळांशेजारी ताजी पेंड गरम पडते.

मग विद्राव्य, म्हणजे १९:१९:१९ सारखी पाण्यात विरघळणारी खतं कशाला? कारण वरच्या पद्धतीची एक अडचण जानेवारीत कळते. पुण्या-नाशकात रात्री १० अंशांवर आल्या की जिवाणू मंदावतात. झाड नेमकं फुलावर असतं, भूक वाढलेली असते आणि कुंडीतलं कोठार थंडीने बंद. पानं फिकी पडतात, वाढ थबकते. अशा वेळी लिटरभर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ घालून आळवणी केली, म्हणजे ते पाणी मुळांशी ओतलं, तर आठवड्यात फरक दिसतो. कोकणात, मुंबईत थंडी एवढी पडतच नाही. तिथे ही वेळ क्वचित येते.

पण फक्त १९:१९:१९ वरच झाड वाढवायचं ठरवलं तर? हिशोब करू. आठवड्यातून दोनदा, १ ग्रॅम प्रति लिटर, झाडाला लिटरभर, असे १४ आठवडे: एकूण २८ ग्रॅम खत, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी ५ ग्रॅमच्या थोडं वर. नत्र कमी पडलं, पालाश निम्म्याहून कमी पडलं आणि स्फुरद मात्र गरजेपेक्षा जास्त झालं. "सगळं समान आहे म्हणजे संतुलित आहे" हा समज इथे उघडा पडतो, कारण झाड तिन्ही समान खात नाही. मात्रा दुप्पट करावी तर कुंडीत क्षार साठतात. ग्रो बॅगेच्या बाहेर पांढरी पुटं आणि पानांची टोकं करपलेली दिसली की तेच झालेलं असतं. तेव्हा दोन-तीन वेळा भरपूर पाणी घालून ते खालून वाहू द्यायचं आणि पंधरा दिवस खत बंद ठेवायचं.

फुलासाठी म्हणून १२:६१:०० आणि ००:५२:३४ हमखास हातात दिली जातात. शेतातल्या मातीत स्फुरद धरला जातो, म्हणून तिथे त्यांना अर्थ आहे. कुंडीत गांडूळखत असताना स्फुरदाची टंचाई मला अजून दिसलेली नाही. जास्त स्फुरदाने जस्त आणि लोह अडकतं, आणि वरची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, असं चित्र दिसायला लागतं. त्यावर पुन्हा सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणायची. एप्रिलमध्ये फूल गळतं तेव्हाही लोक स्फुरदच घालतात. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्री उकाडा असताना टोमॅटोचं फूल धरत नाही. त्याला खत हा उपाय नाही, जमली तर शेडनेट लावा.

खरी निवड करायची आहे ती पालाशची. २ किलो गांडूळखतात कागदावर २० ग्रॅम पालाश असतं आणि ते नत्रापेक्षा लवकर मोकळं होतं. मोकळं होतं म्हणूनच पाण्याबरोबर कुंडीच्या भोकातून वाहूनही जातं. फळं धरायच्या सुमाराला, ऐन गरजेच्या वेळी, ते संपत आलेलं असतं. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात, फळ अर्धं लाल, अर्धं पिवळट राहतं. इथे तीन वाटा आहेत: चुलीची राख, १३:००:४५ किंवा ००:००:५०.

राख कोणी घ्यावी हे तुमची माती ठरवते. राखेत पालाश थोडं आणि चुना भरपूर असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किंवा गोव्यातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, तिला चुना हवाच असतो. तिथे झाडाला महिन्यातून एक मूठ राख अगदी योग्य, आणि फुकट. देशावरची काळी माती आधीच चुनखडीची, त्यात बोअरवेलचं जड पाणी. तिथे राख घालणं म्हणजे आजाऱ्याला आणखी आजारी करणं. शंका असेल तर सुक्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर राख नको, हाडांचा चुराही नको आणि अंड्याची टरफलंही नकोत. हाडांतला स्फुरद आणि टरफलातलं कॅल्शियम सुटायला आम्लता लागते. चुनखडीच्या मातीत टरफलं वर्षभराने उकरली तरी तशीच मिळतात, मी उकरून पाहिली आहेत.

राख बाद झाली की १३:००:४५ आणि ००:००:५० यांत निवड उरते. झाड फिकं दिसत असेल तर पहिलं घ्या, त्यात नत्रही आहे. झाड काळंभोर हिरवं, पानंच पानं आणि फूल कमी असं असेल तर नत्र आधीच जास्त झालंय, मग दुसरं. ००:००:५० जरा आळशी विरघळतं, कोमट पाणी घ्या. त्यात गंधकही येतं. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी फळं सुपारीएवढी झाल्यापासून लिटरला १ ते २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. १० वेळा दीड-दीड ग्रॅम दिलं तर पहिल्याने पावणेसात आणि दुसऱ्याने साडेसात ग्रॅम पालाश मिळतं, म्हणजे जिथे खड्डा होता तो बुजतो. साधं म्युरेट ऑफ पोटॅश यापेक्षा स्वस्त असलं तरी कुंडीसाठी घेऊ नका, त्यातलं क्लोराइड एवढ्याशा मातीत साचतं.

युरियाबद्दल एकच वाक्य पुरे: सपाट चमचाभर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, त्यात २.३ ग्रॅम नत्र, झाडाची हंगामाची चौथाई भूक एका घासात.

फळाचं बूड काळं पडून आत दबतं तेव्हा सगळे कॅल्शियमच्या मागे लागतात. कॅल्शियम नायट्रेट घालायला हरकत नाही, पण बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. शनिवार-रविवारी भरपूर पाणी आणि मधले पाच दिवस कोरडं, अशाने कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पोचत नाही. घालायचंच ठरवलं तर १९:१९:१९ किंवा ००:००:५० सोबत एकाच मगात कालवू नका. तळाशी पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या.

आता बाटल्या. ऑनलाइन ‘ग्रो’ आणि ‘ब्लूम’ अशा जोड्या मिळतात. लेबल नीट वाचलं तर त्यात तेच नत्र, स्फुरद, पालाश, पण एकेरी टक्क्यांत, बाकी पाणी. बिनमातीच्या शेतीत अशा द्रावणांना जागा आहे, कारण तिथे दुसरं काहीच खायला नसतं. मातीच्या कुंडीत पाण्याचे पैसे कशाला द्यायचे? समुद्री शेवाळाचा अर्क आणि ह्युमिक ही मुळं वाढवणारी टॉनिकं, ती जेवणाची जागा घेत नाहीत. शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या जीवामृताचंही मी तसंच म्हणेन: जिवाणूंसाठी छान, पण त्यात झाडाला पुरेल एवढं नत्र-पालाश नसतं. आणि ज्या बाटलीवर टक्केवारीच छापलेली नाही ती खत म्हणून घेऊ नका, मग लेबलवर कितीही गाई आणि पानं काढलेली असोत.

मग काय आणावं? घरात दिवसाआड पाणी घालणारं कोणी नसेल, महिन्यातून चार-पाच दिवस गावी जाणं होत असेल, तर गांडूळखत आणि निंबोळी पेंडच. त्यांना तुमची रोज गरज नसते. कुंडी मोठी घ्या, २० लिटरच्या खाली नको. लहान बाल्कनी, ८ इंची कुंड्या, रोज सकाळी हौसेने बागेत पाऊण तास, असं असेल तर विद्राव्य खत वापरायला जमेल, कारण लहान कुंडीत सेंद्रिय कोठार मावतच नाही. तिथे ग्रॅम मोजणारा छोटा वजनकाटा घ्या, चमच्यावर विसंबू नका. ज्यांना माझ्यासारखी गच्ची आहे आणि वादात पडायचं नाही, त्यांनी खाली गांडूळखत-पेंड, दीड महिन्याने वरून अर्धा किलो गांडूळखत आणि फळ धरल्यावर पालाशची एक पुडी, असं करावं. आठ कुंड्यांना ती पाव किलोची पुडी हंगामभर पुरते. दुकानदार किलोची काढेल. पाव किलोचीच मागा, नाहीतर उरलेली पावसाळ्यात ओल धरून दगड होते.