एमबीआर की वाळूचा फिल्टर?

सोसायटीच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, मायक्रोप्लास्टिक (प्लास्टिकचे बारीक कण) अडवायला काय बसवावं, असं मेहुण्यांनी विचारलं.

फिनलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एमबीआरने (जिवाणूंची टाकी आणि पाणी गाळणारा बारीक छिद्रांचा पडदा) ९९.९ टक्के कण अडवले, वाळूने ९७. उरतात त्यांत कपडे धुताना सुटलेले पॉलिएस्टरचे धागे असतात. आडवा अडकणारा धागा वाळूच्या फटीतून उभा निसटतो. एमबीआरच्या पडद्याची छिद्रं अर्ध्या मायक्रॉनहूनही लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

खर्चात वाळू स्वस्त, बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) कुणीही शिकतो. पडद्याला हवा सोडणाऱ्या ब्लोअरची वीज, क्लोरीनची धुलाई आणि काही वर्षांनी बदली लागते.

गाळ मात्र दोन्हींचा सारखाच: अडवलेलं प्लास्टिक त्यातच बसतं. तो बागेत टाकू नका, कृपा करून!

पाणी फ्लशला नि बागेला वापरायचं तर वाळू पुरे. नदीत सोडायचं आणि जाणता ऑपरेटर असेल, तर एमबीआरच.