पीएचडी: पवईत पूर्णवेळ की रत्नागिरीत अर्धवेळ?

कॉलेजातल्या एका तरुण सहकाऱ्याला रोबोटिक्समध्ये पीएचडी करायचीय. नोकरी सोडून पवईच्या आयआयटी मुंबईला जाऊ, की इथेच रत्नागिरीत शिकवता शिकवता करू, असं विचारत होता.

पैशाचा हिशेब पटकन उरकतो. पूर्णवेळला २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. घराचा हप्ता चालू असेल तर हात आखडतो. अर्धवेळला पगार शाबूत. मात्र कॉलेजचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत मुदतवाढ सोडली तर सहाच वर्षं.

खरा फरक वेळेचा. मी स्वतः अर्धवेळवाला. पेपर तपासून रात्री दहाला लॅपटॉप उघडायचा, मॉडेल ट्रेनिंगला लावायचं, आणि पावसात लाईट गेली की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. (चेकपॉइंट, म्हणजे ट्रेनिंग जिथवर आलं तिथली प्रत, सेव्ह करायची अक्कल दुसऱ्या जूनमध्ये आली.) पवईत शेजारच्या टेबलावर तुमची चूक दाखवणारं कुणीतरी असतं. इथे ती सहा महिन्यांनी आपली आपल्याला कळते.

पण संशोधनाचा विषय इथे आहे. हापूस बाहेरून पिवळाधमक, कापला की आत साका, म्हणजे गराचा खराब झालेला पांढरट, स्पंजासारखा भाग. साध्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट आंबा उतरवणाऱ्या गड्याचा हात रोबोटला शिकवायचा, तर कलमाखाली उभंच राहायला हवं: हलती फांदी, पानांची सावली, खाऱ्या हवेने गंजलेले कनेक्टर.

त्याला म्हटलं, तू जा. एप्रिल-मेमध्ये डेटा गोळा करायला ये, बाग आपलीच आहे.