जालन्याचा उन्हाळा, बोअरचे पाणी आणि जुनी ऑक्टाव्हिया आरएस

स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची टर्बो पेट्रोल इंजिनाची वेगवान आवृत्ती, घेण्याच्या विचारात असलेले लोक मला टर्बो किती टिकतो, ॲव्हरेज किती मिळते आणि पार्ट कुठे मिळतात, हे प्रश्न हमखास विचारतात. गाडीत पाणी कोणते भरले आहे, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. सन २००५ची ही गाडी गेल्या दिवाळीपासून मी घरच्या अंगणात, जमेल तितके काम स्वतःच्या हातांनी करून वापरतो आहे. या काळात माझे ठाम मत झाले आहे की मराठवाड्यात या गाडीचे आयुष्य तिच्या २० व्हॉल्व्हच्या इंजिनावर ठरत नाही, तर त्या इंजिनातून फिरून त्याला थंड ठेवणाऱ्या सुमारे पाच लिटर द्रवावर, म्हणजे कूलंटवर ठरते. म्हणून या अनुभवात वेग, पिकअप आणि आसने यांना थोडी जागा मिळेल आणि कूलंटला फार मिळेल.

निमित्त घडले ते फेब्रुवारीच्या अखेरीस. कूलंटच्या टाकीतली पातळी दर आठवड्याला बोटभर उतरू लागली होती, पण फरशीवर एक थेंबही दिसत नव्हता. तापमानाचा काटा नेहमीसारखा ९०वर स्थिर होता. एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली, तेव्हा तिथल्या मंडळींनी बॉनेट उघडून टाकी पाहिली आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील, गेल्याचे सांगितले. हेड उतरवणे, घासणे, गॅस्केट, टायमिंग बेल्ट, मजुरी असे सगळे मिळून जे अंदाजपत्रक हातात आले, ते मी गाडीसाठी मोजलेल्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होते. दाबाची चाचणी घेतली का, असे मी विचारले, घेतली नव्हती. त्याहून मोठा संताप मला आला तो टाकीकडे पाहून, कारण मला न विचारता त्यांनी गुलाबी कूलंटवर हिरवे कूलंट ओतून ठेवले होते आणि त्याचे पैसे बिलातही लावले होते. बिलातली ती ओळ काढून घेण्यासाठी मी संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहिलो आणि ती काढल्यावरच गाडी घेऊन निघालो. रक्कम किरकोळ होती, परंतु जे काम मी सांगितले नाही आणि ज्याने माझ्या गाडीचे नुकसान होणार आहे, त्याचे पैसे मी का द्यावेत, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

हेड गॅस्केट गेले आहे की नाही, हे घरी तपासता येते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का ते पाहावे. इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात का ते पाहावे. ब्लॉक टेस्टरच्या नळीतला निळा द्रव टाकीतल्या वाफेने पिवळा होतो का, तेही पाहावे, कारण तो पिवळा झाला तर ज्वलनाचा वायू पाण्यात मिसळतो आहे असे समजायचे. माझ्या गाडीत यांपैकी काहीच आढळले नाही. मग टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून थंड इंजिनावर दाब दिला आणि टॉर्च घेऊन वाकून पाहिले, तेव्हा हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या फ्लँजच्या (पाण्याच्या नळ्या जोडायच्या तोटीच्या) कडेने पाणी झिरपताना दिसले. हे पाणी गिअरबॉक्सच्या पाठीवर उतरते, तिथल्या उष्णतेने वाळते आणि गुलाबी खपली तेवढी मागे ठेवते. त्यातून जे सुटते ते इंजिनाखालच्या पत्र्यात अडकते. म्हणून फरशी कोरडी राहते.

हा फ्लँज दोन बोल्टांवर बसतो आणि ते १० न्यूटन मीटरपेक्षा जास्त आवळायचे नसतात. त्याच्यातच कूलंटच्या तापमानाचा सेन्सर क्लिपने अडकवलेला असतो. सेन्सरला चार पिना आहेत, त्यांतली एक जोडी इंजिनाच्या कॉम्प्युटरला माहिती देते आणि दुसरी काट्याला. काट्याविषयी एक गोष्ट नव्या मालकांनी पक्की लक्षात ठेवावी. साधारण ७५ अंशांपासून शंभरीच्या थोडे पुढे जाईपर्यंत तो ९०वरच उभा राहील, अशीच त्याची रचना आहे. चालकाला उगाच काळजी वाटू नये म्हणून ती तशी केलेली असली, तरी ४२ अंशांच्या उन्हात जालना बायपासवर ट्रकांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या काट्याचा काही उपयोग नाही. मी व्हीसीडीएसची, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर लॅपटॉपवर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची, केबल घेतली आणि लॅपटॉपवर खरे आकडे पाहू लागलो. माझ्या मते या गाडीसाठी पहिली खरेदी ही केबलच असावी, पान्यांचा संच त्यानंतर घेतला तरी चालेल.

आता पाण्याविषयी. आमच्या भागात जमिनीखाली काळा बेसॉल्ट आहे आणि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. बादलीच्या काठावर, गिझरच्या कॉइलवर, नळाच्या जाळीवर त्यांचा पांढरा थर प्रत्येक घराला ठाऊक आहे. हे पाणी तापले की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सर्वांत गरम पृष्ठभागावर जाऊन बसतात. इंजिनात ती जागा म्हणजे हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासच्या वाटा आणि टर्बोच्या बेअरिंगभोवतीची पोकळी. टर्बोकडे जाणारी पाण्याची नळी बोटाएवढीही जाड नसते. ती अर्धी बुजली तर गाडी बंद केल्यावर टर्बोतले ऑइल जागेवरच जळून कोळसा होते आणि पुढचे सगळे त्रास टर्बोच्या नावावर जमा होतात. ऑइल फिल्टरच्या वर बसणारा ऑइल कूलरही याच पाण्यावर चालतो. केबिनमधल्या हीटरचा छोटा रेडिएटर तर या गाडीत कायम प्रवाहात असतो. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही म्हणून तो चोंदल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही.

माझ्याकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र आहे. त्यावर आमच्या बोअरच्या पाण्याचा आकडा हजाराच्या पुढे जातो, घरच्या फिल्टरच्या पाण्याचा शंभराच्या आसपास राहतो आणि चांगल्या डिस्टिल्ड वॉटरचा शून्याला चिकटलेला असतो. बॅटरीच्या दुकानात सुटे मिळणारे प्रत्येक पाणी डिस्टिल्ड असतेच असे नाही. मी मीटर सोबत नेतो आणि दुकानदारासमोर तपासूनच कॅन घेतो. एका वेळी बारा-पंधरा लिटर घेतले तर दर बराच कमी पडतो आणि फ्लशिंगला, म्हणजे आतले जुने कूलंट धुऊन काढायला, तेवढे लागतेच, कारण खालचा होज काढून पाणी सोडले तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरेच अडकून राहते. भरायचे, गरम करायचे, पूर्ण थंड होऊ द्यायचे, सोडायचे, असे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत करत राहावे लागले. आधीच्या कुणी घातलेले साधे पाणी, मूळचे गुलाबी जी१२ कूलंट आणि सर्व्हिस सेंटरचे हिरवे कूलंट यांच्या मिश्रणातून पहिल्या खेपेला जो तपकिरी गाळ निघाला, तो पाहून पुढे कोणाच्याही हातात ही टाकी द्यायची नाही असे मी ठरवले. नवे कूलंट घेताना डब्यावर फोक्सवॅगनचे (व्हीडब्ल्यू) टीएल ७७४ एफ किंवा त्यानंतरचे मानक लिहिलेले पाहिले, रंगावर विश्वास ठेवला नाही. कूलंट फक्त थंडीत पाणी गोठू नये म्हणून असते, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात उष्ण प्रदेशातही त्याचे प्रमाण ४० टक्क्यांखाली नेऊ नये असे उत्पादकच सांगतो, कारण गंजापासून रक्षण आणि वाढलेला उत्कलनबिंदू ही दोन्ही कामे तेच करते.

फ्लँजची गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बाजारात मिळणारा नवा फ्लँज पुन्हा प्लॅस्टिकचाच असतो. मूळ फ्लँजने वीस वर्षे काढली यात मला तक्रारीला जागा दिसत नाही, पण स्वस्तातली प्रत तेवढी टिकेल असे मला वाटले नाही. चिकलठाणा एमआयडीसीत व्हीएमसी (धातू अचूक कोरणारे संगणकीय) मशिन चालवणाऱ्या एका परिचितांना मी जुना फ्लँज नमुना म्हणून दिला. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी ती औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या माणसाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलायची सवय असते. त्यांनी ओ-रिंगच्या, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्याच्या, खाचेची खोली मोजून घेतली, ओ-रिंग तिच्या जाडीच्या साधारण पाव भागाइतकी दाबली गेली पाहिजे असे मला समजावून सांगितले, आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून असा सुबक फ्लँज काढून दिला की तो हातात घेऊन मी बराच वेळ नुसता पाहत बसलो. ओ-रिंग मात्र नायट्रिल रबराची न घेता ईपीडीएम रबराची घ्यावी, हे त्यांचेच सांगणे. गरम पाणी आणि ग्लायकोल यांत ती टिकते. भारतात विकली गेलेली ऑक्टाव्हिया ज्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जात असे, त्याच्यासमोरून जालना रस्त्याने तो फ्लँज घेऊन मी घरी आलो, आणि त्या दिवशी या भागातल्या कारागिरीविषयी मला जो अभिमान वाटला तो गाडीच्या कोणत्याही पिकअपने दिला नव्हता.

इथपर्यंतचा मजकूर मी उन्हाळ्याच्या तोंडावर लिहिला होता. त्या वेळी माझा निष्कर्ष असा होता की पाणी आणि फ्लँज नीट केले की काम संपले. मे महिन्याने त्यात भर घातली. एसी लावून गाडी उभी असली की लॅपटॉपवरचा आकडा १०४पर्यंत चढायचा, मग पंखा जोरात फिरून तो खाली आणायचा आणि पुन्हा तेच चक्र सुरू व्हायचे. चालत्या गाडीत असे काही होत नव्हते, म्हणजे पंप आणि थर्मोस्टॅट ठीक होते. जालन्यातल्या रेडिएटरवाल्या चाचांनी आधी रेडिएटर हाताने चाचपून सगळीकडे सारखा तापतो आहे याची खात्री केली आणि पंखा पाहायला सांगितले. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर पितळी रेडिएटरसारखा डाग देऊन दुरुस्त होत नाही, तेव्हा कोणी तसे सांगत असेल तर पैसे देऊ नका, असेही ते म्हणाले. रेडिएटरवरच्या, तापमानानुसार पंखा सुरू करणाऱ्या थर्मोस्विचचा सॉकेट काढून वायरने जोडून पाहिले, तर पंख्याचा मंद वेग मेलेला होता, फक्त तेज वेग शिल्लक होता. मंद वेगाचा रेझिस्टर मोटारीच्या आतच असतो आणि तो जळणे हे या पिढीतल्या गाड्यांचे ओळखीचे दुखणे आहे. एसी लागताच जो वेग सुरू व्हायला हवा तोच नसल्यामुळे एवढा त्रास होत होता. भंगारात निघालेल्या डिझेल ऑक्टाव्हियाचा पंखा आकार आणि सॉकेट जुळवून बसवला, तेव्हापासून भर दुपारी उभ्या गाडीतही आकडा ९६च्या वर गेलेला नाही.

यामुळे सुट्या भागांविषयीचे माझे मतही बदलले. आरएस दुर्मीळ असली तरी तिचे ब्रेक, बुश, काचांचे रेग्युलेटर, कूलिंगचे बरेचसे सामान साध्या ऑक्टाव्हियाशी जुळते, आणि डिझेल ऑक्टाव्हिया आपल्याकडे एवढ्या विकल्या गेल्या की अजून भंगारात सापडतात. टर्बोचे आणि इग्निशनचे सामान तेवढे बाहेरून मागवावे लागते. ठिणगी देणारी एक कॉइल गेली होती; ती दुसऱ्या सिलिंडरवर नेल्यावर मिसफायरचा (सिलिंडर न पेटल्याचा) कोडही तिच्यामागे गेला, म्हणून चारऐवजी एकच घेतली. टर्बोची जास्तीची हवा वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला होता तो बदलला, आणि उन्हाने तडकलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या सिलिकॉनच्या घातल्या. ऑइल व्हीडब्ल्यू ५०२ मानकाचे ५डब्ल्यू-४० सिंथेटिक. त्यात काटकसर करत नाही.

एवढे केल्यावर गाडी कशी चालते, तर समृद्धीवर ताशी १२०च्या मर्यादेत पाचव्या गिअरमध्ये ती शांत धावते आणि ट्रकला ओलांडायचे असेल तर गिअर न बदलता ओलांडते. २१० न्यूटन मीटरचा टॉर्क १७५० फेऱ्यांपासून मिळतो याचा अर्थ तिथे कळतो. कन्नडच्या घाटातही ती तापली नाही. कागदपत्रांचा खर्च मात्र हिशेबात धरावा: २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५मध्ये १०,००० रुपये झाले, आणि पर्यावरण कर वेगळा असतो. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते, म्हणून मी ते सरळ वार्षिक खर्चात विभागून पाहतो आणि तरीही ही गाडी मला परवडते.

टायमिंग बेल्टचे काम येत्या दिवाळीच्या आधी करायचे आहे. पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरतो, आणि जुन्या पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा दांड्यावर सैल होण्याची शक्यता असल्याने बेल्टसोबत धातूच्या पंख्याचा पंप आणि थर्मोस्टॅटही बदलणार आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून हे काम अंगणात न करता टायमिंग लॉक करण्याची हत्यारे असलेल्या गॅरेजमध्येच होईल. पंप उघडला की कूलंट पुन्हा काढावे लागेल, तेव्हा डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि कूलंटचा डबा मी घरून नेणार आहे, आणि ते भरताना तिथे उभा राहणार आहे.