ओआरएस की सलाईन?

मूल जुलाबांनी मलूल झालं की घरचे हमखास म्हणतात, "डॉक्टर, एक सलाईन लावूनच टाका." थेंब पडताना दिसतात, काहीतरी होतंय असं वाटतं. ओआरएसची, म्हणजे पाण्यात विरघळवून पाजायच्या मीठ-ग्लुकोजची पुडी आशाताईंकडे फुकट मिळते. बहुधा म्हणूनच तिच्यावर भरवसा बसत नाही.

खरं तर तिची परीक्षा केव्हाच झालीय. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपांतून वाटलं. सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. कारण जुलाब चालू असतानाही ग्लुकोज आतड्यातून मिठाला आत ओढतं, त्यामागोमाग पाणी जातं.

सलाईनला सुई लागते, नर्स लागते, आणि सुकलेल्या बाळाची शीर पटकन सापडत नाही. तरीही मूल बेशुद्ध असेल, पिऊच शकत नसेल, पोटाची चिमटीत धरलेली कातडी फार हळू मागे जात असेल, तर वेळ न दवडता सलाईनच.

एरवी पुडी एक लिटर पाण्यात. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालूच. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी.