डोमेन कुठून घ्यायचं: थेट रजिस्ट्रारकडून, होस्टिंगसोबत फुकट, की वेबसाइट करणाऱ्यावर सोपवायचं?

वेबसाइट काढायची म्हटलं की सगळे आधी विचारतात डॉट कॉम घेऊ का दुसरं काही, पण माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे, आधी बघायचं ते डोमेन, म्हणजे साइटचं पत्त्यासारखं नाव, कुणाच्या अकाउंटमध्ये राहणार हे. माझ्या बहिणीच्या कामाची साइट एकाने करून दिली होती आणि डोमेन पण त्यानेच त्याच्या स्वतःच्या अकाउंटमधून घेतलं, चार वर्षं काही अडलं नाही, मग त्याने तो धंदाच सोडला, नंबर बदलला, रिन्यूअलच्या मेल जात राहिल्या त्याच्या इनबॉक्समध्ये, आणि एक दिवस साइट पण बंद आणि त्या नावावरचा ईमेल पण बंद. नाव शेवटी गेलंच. म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधी, डोमेन विकत मिळत नाही, ठराविक वर्षांसाठी आपल्या नावावर नोंदवलं जातं, डॉट कॉमसारख्या नावांना एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. १९९८ मध्ये सुरू झालेली आयकॅन ही संस्था नियम ठरवते, प्रत्येक शेपटीची (नावाच्या शेवटचा डॉट कॉमसारखा भाग) यादी एक रजिस्ट्री सांभाळते (डॉट कॉमची व्हेरिसाइन), आणि आपण व्यवहार करतो तो रजिस्ट्रारशी, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीशी. कागदोपत्री मालक म्हणजे रजिस्ट्रंट, ती जागा तुमचीच पाहिजे.

आता तीन रस्ते. थेट रजिस्ट्रारकडे गेलात तर अकाउंट तुमचं, डीएनएस (नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदी) तुमच्या हातात, उद्या होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आवडलं नाही तर नुसते नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) नाहीतर ए रेकॉर्ड (साइट कुठे आहे ते सांगणारी नोंद) बदलायचा आणि डोमेन जिथल्या तिथे राहतं. त्रास एवढाच की ते रेकॉर्ड स्वतः भरावे लागतात, साइटसाठी ए, मेलसाठी एमएक्स, पहिल्यांदा करताना भीती वाटते पण एका संध्याकाळचं काम आहे आणि होस्टिंगवाले काय भरायचं ते लिहून देतात. किंमत बघताना पहिल्या वर्षाचा मोठ्या अक्षरातला आकडा सोडून द्या, रिन्यूअलचा दर शोधा, खरा खर्च तोच. आणि पत्ता-फोन लपवणारी प्रायव्हसी सेवा फुकट आहे का हेही विचारा, काहीजण तिचे वेगळे पैसे घेतात.

होस्टिंगसोबत फुकट मिळतं ते पण वाईट नाही, सगळं आपोआप जोडलेलं असतं, बिल एकच, नवख्या माणसाला सोपं. फक्त दोन्ही गोष्टी एकाच घरात अडकतात, म्हणजे होस्टिंगच्या बिलावरून वाद झाला आणि अकाउंट बंद पडलं की डोमेनला पण हात लावता येत नाही. बाहेर काढायचं तर ट्रान्सफर अडवणारं लॉक काढून ऑथ कोड (ट्रान्सफरसाठीचा पासवर्ड) घेऊन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करावं लागतं, आणि डॉट कॉमसारखी नावं नोंदवल्यावर पहिले ६० दिवस साधारणपणे हलवता येत नाहीत. "फुकट" म्हणजे किती वर्षं फुकट तेही वाचा, बहुतेक वेळा एकच. वेबसाइट बिल्डरच्या नावाखाली मिळणारा फुकट पत्ता मात्र मी यात धरतच नाही, ते नाव त्यांचं असतं.

तिसरा रस्ता, करणाऱ्याला सांगायचं. सांगा की, त्याला कळतं म्हणूनच तर काम दिलंय, पण अकाउंट तुमच्या ईमेलवर उघडायला लावा आणि त्याला काम करण्यापुरता ॲक्सेस द्या. बाहेरून लुकअप करून (नोंदणीची सार्वजनिक माहिती शोधून) नाव कुणाचं आहे ते आजकाल सहसा कळत नाही, २०१८ पासून मालकाची माहिती बरीचशी झाकलेली असते, त्यामुळे लॉगिन तुमच्याकडे आहे का हीच खरी परीक्षा.

मुदत संपली की काय होतं ते पण सांगते. साइट बऱ्याचदा लगेच बंद पडते, मग रजिस्ट्रारप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत साध्या दरात रिन्यू होऊ शकतं (सगळे एवढे देत नाहीत), त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शन, तेव्हा सोडवून घ्यायला वर जबर फी, शेवटी ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग नाव कुणालाही खुलं. हे डॉट कॉमसारख्यांचं, देशांच्या शेपट्यांचे नियम वेगळे. आम्हाला कळलं तोपर्यंत हे सगळं होऊन गेलं होतं.

शेपटीचं म्हणाल तर डॉट कॉममध्ये पहिलं नाव १५ मार्च १९८५ ला नोंदवलं गेलं, म्हणजे छोटी चांगली नावं कधीच गेली, तरी मिळत असेल तर मी तेच घेईन कारण लोक न विचारता डॉट कॉमच टाइप करतात. दोन अक्षरी शेपटी म्हणजे एखादा देश किंवा प्रदेश, डॉट एआय सुद्धा अँग्विला या बेटाची आहे, आणि तिथले नियम तुम्हाला लागू होतात. ब्रेक्झिटनंतर २०२१ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या कितीतरी लोकांची डॉट ईयू नावं पात्रतेच्या नियमामुळे बंद झाली. त्यामुळे ग्राहक त्याच देशातले असतील तर देशाची शेपटी मस्त, नाहीतर नियम वाचून घ्या. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन अशा नव्यांमध्ये नाव पटकन मिळतं, पण पहिलं वर्ष स्वस्त आणि पुढे महाग हा प्रकार इथे सगळ्यात जास्त.

नाव ठरवताना फोनवर एकदा कुणाला तरी सांगून बघा, डॅश आणि आकडे असले की समोरचा चुकतोच. देवनागरीत पण नाव घेता येतं, आतून ते एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलतं, पण अशा नावावर ईमेल अजून सगळीकडे नीट चालत नाही म्हणून मी ते जोडीला ठेवेन, मुख्य रोमनमधलंच.

नोंदणी झाली की ईमेल पडताळणीची लिंक येते, ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन बंद होऊ शकतं. ऑटो रिन्यू आणि टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डसोबत दुसरी खात्री) तेव्हाच चालू करून टाका, आणि रजिस्ट्रारला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं तर ते सोडवायची मेल तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.