नाल्याला कुंपण घालायचं की गुरांसाठी हौद बांधायचा?

घर इंदूरला आणि शेत महूच्या बाजूला, अशी आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं आहेत. गुरं नाल्यात उतरतात, काठ दरवर्षी थोडा थोडा ढासळतो. मग घरात एकच चर्चा: काठाला तार ओढायची की दूर हौद बांधायचा?

तारेचा खर्च ठरतो काठाच्या लांबीवर, हौदाचा गुरांच्या संख्येवर. नाला शेतातून 400 मीटर वाहत असेल तर दोन्ही काठ मिळून 800 मीटर तार. दर 3 मीटरला खांब धरला तरी पावणेतीनशेच्या आसपास खांब लागतात. पुरात वाहून आलेला पालापाचोळा तारेत अडकतो आणि खांब आडवे होतात. मालव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळे खांब तसेही हलतात. बरं, एवढं करून गुरांना पाणी पाजायला हौद लागतोच!

दुभत्या गाईला दिवसाला 60 लिटर पाणी धरा, उन्हाळ्यात जास्त. 12 गाईंना 720 लिटर, म्हणजे 1000 लिटरचा हौद पुरतो. गुरं एकदमच येतात, म्हणून बारीक धारेवर भागत नाही, साठा हवा. आणि भोवती मुरूम-दगड घालाच. आम्ही पहिल्या वर्षी घातला नव्हता. श्रावणात तिथे खूर रुतेल इतका चिखल झाला आणि गाई पुन्हा नाल्याकडे वळल्या.

काठ उघडा असताना गुरं हौदावर येतील का? अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कुरणांवर हे मोजून पाहिलं गेलंय. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुरं 92 टक्के वेळा हौदावरच प्यायली आणि काठाची धूप 77 टक्क्यांनी घटली. तारेशिवाय!

माझं मत हौदाकडे झुकतं ते चाऱ्यामुळेही. पाणी नाल्यातच असलं की गुरं काठचं गवत मुळापर्यंत खातात आणि वरचं तसंच वाळतं. हौद चढावर, लांब बांधा. चराई पसरते, शेणही नाल्यात न जाता रानात पडतं.

तार अजिबात नको असं नाही. वळणावरचा ढासळता तुकडा आणि पाणी साचून गोगलगायी दिसतात ती दलदल मात्र बंद करा, कारण यकृतातल्या चपट्या कृमी जनावरांच्या पोटात जातात त्या अशाच जागेतल्या गवतावरून. एवढी 30-40 मीटर तार पुरात गेली तरी दोन माणसं एका दिवसात पुन्हा ओढतात.