रेनसूटच्या आसनाची शिवण : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

जॅकेट आणि पँट असा दोन भागांचा रायडिंगचा रेनसूट मी गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस साडेचार हजार रुपयांना घेतला आणि पूर्ण पावसाळा वापरला. सोलापुरात रेनकोटवर एवढी रक्कम घालणे अनेकांना अनाठायी वाटते आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा असतो, आणि कामावर जाण्यायेण्यासाठी बाजारातला सात-आठशे रुपयांचा रेनकोट सहज पुरतो. मी जादा पैसे मोजले ते जुलैत आमच्या मोटारसायकल गटाने ठरवलेल्या अंबा घाटाच्या राईडसाठी. तेथे पाऊस मिनिटांत मोजायचा नसतो, तासांत मोजायचा असतो.

कापडाचे आकडे अशा सूटची चौकशी करणाऱ्यांना पाठ असतात : १०,००० मिमी वॉटर कॉलम (कापड न गळता एवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते), आतून टेप लावलेल्या शिवणी, दुहेरी फ्लॅपची चेन. जूनमधल्या तुरळक सरींमध्ये या सूटने मला फार समाधान दिले. गळपट्टीतून पाणी उतरत नव्हते, बाहीचे टोक हातमोज्यावर नीट बसत होते, आणि हेल्मेटखाली घालायचा पातळ हूड मानेवर अजिबात गोळा होत नव्हता. त्या वेळी कोणी विचारले असते तर मी डोळे झाकून घ्यायला सांगितले असते.

राईडचा मार्ग आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. सोलापूरहून बेगमपूरला भीमा ओलांडायची, मंगळवेढा, सांगोला, मिरजमार्गे कोल्हापूर गाठायचे आणि तेथून मलकापूरवरून अंबा. पहाटे निघताना पाऊस नव्हता, मात्र रात्री पडून गेला होता, आणि मंगळवेढ्याच्या अलीकडे शेतातून आलेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्याच्या कडेला काळ्या मातीचा थर आणून टाकला होता. त्या भागातली माती ज्वारीला सोने असली तरी ओली झाल्यावर मोटारसायकलची वैरी असते. आमच्यातल्या एकाने थांबण्यासाठी गाडी कडेला घेतली आणि दहा-बारा पावलांच्या अंतरात त्याच्या पुढच्या मडगार्ड आणि टायरमध्ये एवढा चिखल दाटला की चाक फिरणेच बंद होऊन गाडी आडवी झाली. वेग नव्हता म्हणून त्याला काही लागले नाही. मडगार्डचे बोल्ट काढून, स्क्रू-ड्रायव्हरने माती खरवडून चाक मोकळे करण्यात बराच वेळ गेला. तो सगळा वेळ मी त्या चिखलात गुडघे टेकून बसलो होतो आणि गुडघ्यापाशी एक थेंबही आत आला नाही. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण गुडघा टेकल्यावर कापडावर येणारा दाब सीटवर बसताना येतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. फरक एवढाच, की या पँटच्या गुडघ्यावर शिवण नाही.

मिरजेनंतर पावसाने धरले तो सुटलाच नाही. कोल्हापूरच्या अलीकडे दुसऱ्या एका गाडीच्या मागच्या टायरमध्ये स्क्रू घुसला. ट्यूबलेस टायर होता, पट्टी घालून काम भागले; परंतु सुरक्षित जागा मिळेपर्यंत गाडी ढकलत न्यावी लागली आणि त्या श्रमांत जॅकेटच्या आत मी घामाने पुरता ओला झालो. हवा खेळण्याविषयीच्या आकड्यांवर माझा आता फारसा भरवसा उरलेला नाही. बाहेरचे कापड पाण्याने माखले आणि भोवतालची हवाच बाष्पाने भरलेली असली, की आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही. हा दोष सूटचा मानू नये. कोल्हापुरात जेवायला थांबलो तेव्हा जॅकेट काढले, आतला पॉलिस्टरचा टी-शर्ट पंख्याखाली थोड्याच वेळात सुकला, आणि तक्रार तेथेच मिटली.

खरी तक्रार मलकापूर सोडल्यानंतर सुरू झाली. घाटमाथ्याकडे चढताना धुके एवढे दाट होते की पुढच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसे. सीटवर, अगदी टाकीला लागून, प्रथम गार स्पर्श झाला आणि मग तो पसरत गेला. माझ्या गाडीचे सीट पुढे टाकीकडे उतरते आहे. जॅकेटवरून ओघळणारे आणि टाकीवरून मागे येणारे असे दोन्हीकडचे पाणी त्या खोलगट जागेत साठते, आणि चालक बरोबर त्याच डबक्यावर बसलेला असतो. आत जीन्स होती. सुती कापड पाणी वर ओढते आणि खालीही सोडते, त्यामुळे अर्ध्या तासात मांड्या, पोटऱ्या आणि मोजे सगळेच भिजले. पँटचे बाकीचे कापड कोरडे ठणठणीत होते. पाणी शिरले ते एकाच ठिकाणाहून, जेथे पुढची शिवण, मागची शिवण आणि दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी मिळतात त्या आसनाच्या टिंबातून.

त्याच चढावर एका सोबत्याची गाडी बंद पडली. गिअर टाकला की इंजिन थांबे. साइड स्टँडच्या स्विचमध्ये मंगळवेढ्याची तीच काळी माती पाण्यासह उतरली होती आणि गाडीला स्टँड खाली असल्याचा भास होत होता; स्टँड खाली असताना गिअर टाकला की हा स्विच इंजिन बंद करतो. कारण सापडेपर्यंत आणि स्विच पाण्याने धुऊन सैल होईपर्यंत आम्ही सगळे वाऱ्यात उभे राहिलो. कोरड्या माणसाला तो थांबा जाचला नाही. मला मात्र थंडीने हुडहुडी भरली, आणि पुन्हा निघाल्यावर क्लच सोडताना बोटे वेळेवर उघडेनात. धुक्यात, ओल्या वळणांवर, पुढेमागे आपली माणसे असताना बोटे न उघडणे ही किरकोळ गैरसोय राहत नाही. पाणी आत आले म्हणून माझे पैसे बुडाले याचा राग मला होताच, परंतु त्यापेक्षा मोठा राग या गोष्टीचा आला. एक गोष्ट सूटच्या बाजूने नोंदवली पाहिजे : मागून येणाऱ्या सोबत्याने अंब्यात पोहोचल्यावर आवर्जून सांगितले की पाठीवरच्या परावर्तक पट्ट्या दिव्यापेक्षाही आधी दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पँटने परतलो आणि घरी आल्यावर ती उलटी करून पाहिली. टेपवर टेप चढल्याने त्या टिंबावर जाड गाठ झाली होती आणि कडा उचललेल्या होत्या. थोडा हिशेब मांडला. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. ताशी ८० किमी वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब याच मापात जेमतेम ३० मिमी भरतो. पंचाहत्तर किलोचा माणूस सीटच्या साधारण १,००० चौरस सेंटिमीटर जागेवर बसला, तर तेथील दाब ७५० मिमी होतो, आणि खड्ड्यात आदळला की काही क्षण त्याच्या दुपटी-तिपटीने. म्हणजे कापडाची जी क्षमता छापलेली असते तिचा सीटवर चौथा हिस्साही वापरात येत नाही, १०,००० ऐवजी ५,००० मिमीचे कापड असते तरी ते गळले नसते. उलट शिवणीत इंचाला आठ-दहा टाके, म्हणजे तेवढीच भोके असतात, आणि त्यांना झाकणारा टेप उचलला की आकडा कितीही मोठा असला तरी निरुपयोगी. गाडीवर बसल्यावर पाण्याचा सर्वांत जास्त दाब, सर्वांत जास्त घर्षण आणि सर्वांत जास्त शिवणी एकाच बिंदूवर आणून ठेवणारी रचना मोटारसायकलसाठी म्हणून विकली जावी, हे मला अजूनही पटत नाही. उभ्याने चालणाऱ्या माणसाची पँट अशी शिवली तर चालेल.

कंपनीच्या ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगतो, कारण त्यात हाती काहीच लागले नाही. प्रथम बिल मागितले, मग छायाचित्रे, मग पाणी आत शिरतानाचे चित्रण. ते सर्व दिल्यावर उत्तर आले की हमी कापडाला आहे, शिवणीवरील टेप ही वापराने झिजणारी बाब आहे, आणि तरीही तपासणी हवी असल्यास पँट स्वखर्चाने पाठवावी. सूटला लावलेल्या पुठ्ठ्यावर ‘पूर्णपणे जलरोधक’ असे शब्द आहेत. ‘शिवणी वगळून’ असे कोठेही छापलेले नाही. एका हंगामातल्या पहिल्याच मोठ्या पावसात सुटलेला टेप झिजलेला म्हणता येत नाही. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीने पुढील खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केले, ते मी नाकारले. ज्या मालाबद्दल तक्रार आहे तोच माल पुन्हा घेण्यासाठी दिलेली सवलत मला भरपाई वाटत नाही.

येथपर्यंतचा अनुभव ऑगस्टमध्ये लिहिला असता तर निष्कर्ष सरळ नकाराचा होता. तो बदलला पूर्व भागातल्या एका शिंपी मास्तरांमुळे. चादरी, टॉवेल आणि गणवेशांच्या या गावात कापड जाणणारी माणसे कमी नाहीत. मास्तरांनी पँट उलटी केली, टिंबावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “कापड चांगलंय की ओ. चार शिवणी आणून एका टिंबाला मारल्यात, त्यावर टेप बसंलच कसा?” त्यांनी सुचवलेला उपाय जुना आहे. आसनातल्या शिवणी उसवून तेथे शंकरपाळ्याच्या आकाराचा एक सलग तुकडा बसवायचा, म्हणजे चार शिवणी एका जागी न मिळता तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर विभागल्या जातात आणि बसण्याच्या जागेखाली फक्त अखंड कापड राहते. हलक्या रंगाचा वेगळा तुकडा नको होता, आणि तसे कापड बाजारात शोधावेही लागले नाही. सूट घडी करून ठेवायची जी पिशवी सोबत येते ती याच कापडाची असते. तीच कापली.

शिलाईचे दोनशे रुपये झाले आणि इस्त्रीने चिकटणारा शिवणीचा टेप ऑनलाइन मागवला त्याचे साडेतीनशे. टेप लावण्याचे काम मी घरी केले. इस्त्री मध्यम गरम, मध्ये सुती फडके, आणि प्रत्येक ठिकाणी दाबून धरून पूर्ण थंड होईपर्यंत हात न लावणे, एवढे पथ्य पाळले तर ते अवघड नाही. तपासणीची पद्धतही मास्तरांचीच : पँटचे आसन पिशवीसारखे खाली सोडून बादलीवर टांगायचे, आत तांब्याभर पाणी ओतायचे आणि बाहेरून कोरडा कागद लावून ठेवायचा. दुरुस्तीपूर्वी हीच चाचणी घेतली तेव्हा कागद लगेच ओला झाला होता. नंतर रात्रभर ठेवूनही कोरडा राहिला.

सप्टेंबरच्या अखेरीस बोरी नदीला पाणी आल्याचे कळले आणि गट नळदुर्गला निघाला. किल्ल्यातल्या पाणी महालावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे एकत्र कोसळतात ते पाहण्याची संधी क्वचित मिळते. हैदराबाद रस्त्याला लागल्यापासून परतेपर्यंत पाऊस अखंड होता, अवजड वाहनांच्या चाकांतून उडणारे पाणी वेगळेच, आणि सीटच्या त्याच खोलगट जागेत डबकेही तेवढेच साठत होते. आत जीन्सऐवजी पॉलिस्टरची ट्रॅक पँट घातली होती, मुद्दाम फिकट रंगाची, म्हणजे डाग लगेच दिसावा. ती पूर्ण कोरडी निघाली. या राईडमध्ये जे भिजले ते बूट. बुटावर घालायची आवरणे सूटसोबत येतात, त्यांचा तळ दोनदा पायऱ्या चढल्यावर फाटतो. त्यांच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही; गमबूट घ्यावेत.

त्यामुळे आज माझे मत असे आहे की सूटच्या किमतीतल्या आपल्या निम्म्या वाट्याला जॅकेट नक्की लायक आहे, पँट मात्र दुरुस्तीशिवाय घाटात नेण्याजोगी नाही. दुकानात हा किंवा असा कोणताही सूट घेताना आकड्यांची चिठ्ठी बाजूला ठेवून पँट उलटी करावी आणि आसनात शिवणींची फुली दिसते की सलग तुकडा, एवढे पाहावे. काही कंपन्यांच्या पँटमध्ये असा तुकडा मुळातच असतो. घरी आणल्यावर कपडे मऊ करणारे द्रव्य धुण्यात वापरू नये, त्याने वरचा पाणी झटकणारा लेप निकामी होतो. सूट उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावरही टाकू नये. आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि टेपचा गोंद सततच्या उष्णतेने सुटू लागतो.

गटातल्या इतरांनीही आता आपापल्या पँटी मास्तरांकडे नेल्या आहेत. ज्यांच्या सूटची पिशवी पातळ अस्तराची निघाली त्यांना तुकड्यासाठी सॅकवर घालायचे जुने रेनकव्हर कापावे लागले, आणि मास्तरांच्या मते ते कापड मशीनखाली सरकते म्हणून त्याची शिलाई ते पन्नास रुपये जास्त घेतात.